मावशीचा कर्णा आणि पंचवीस शब्द

सोमवार, २ मार्च

संवादशास्त्राची पदवी घेऊन गावी आल्याला आज अकरा दिवस झाले. आईने ती काचेच्या चौकटीत घालून संतांच्या तसबिरीशेजारी टांगली आहे. घरात येणारी म्हातारी माणसं छातीवर क्रूस काढतात आणि सवयीने तिच्यापुढेही काढतात. मला संकोच वाटतो, पण खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटतं. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिलीच.

आज मात्र या पदवीला पहिलं खरं काम आलं. पंचायतीचा कागद आला: ओब्दुलिया मावशीच्या 'ला कालांद्रिया' (म्हणजे चंडोल) नावाच्या कर्ण्याविरुद्ध तक्रार. बावीस तारखेला, रविवारी, गावसभा बसणार आणि कर्णा ठेवायचा की उतरवायचा ते ठरवणार.

आमच्या छतावर लोखंडी खांब आहे, त्यावर चार दिशांना तोंडं करून चार भोंगे. खाली कोपऱ्याच्या खोलीत माइक, कॉफीचा मग आणि मावशी. सव्वीस वर्षं झाली, गावात कुणी डुक्कर कापलं, कुणाचं वासरू सुटलं, कुणाकडे लग्न ठरलं, ते मावशीने सांगितल्याशिवाय खरं धरलं जात नाही. बाबा गेल्यावर आई मक्याचे तोतोपो, म्हणजे कडक भाकऱ्या, भाजून विकायला लागली आणि पुकाऱ्यामागे मिळणाऱ्या पैशांतून मावशीच्या कर्ण्याने माझी फी भरली. मावशीने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "बोलायला भरपूर मिळालं, ऐकायला कुणी थांबलं नाही."

कर्णा उतरला तर मावशीचं काय होईल, याचा विचारही करवत नाही. ती नुसती घरात बसलेली मी कधी पाहिलेलीच नाही.

तक्रार करणारे आहेत निळ्या घरातले श्री. अर्नुल्फो पिनेदा. जन्म इथलाच, पण एकोणिसाव्या वर्षी राजधानीला गेले, चौतीस वर्षं न्यायालयात कारकुनी केली आणि आठ महिन्यांपूर्वी परत आले. कुणाकडे जात नाहीत, कुणी त्यांच्याकडे जात नाही. गावात त्यांना टोपणनावसुद्धा नाही. सगळे नुसतं 'निळं घर' म्हणतात.

पण काय अर्ज लिहिलाय. हाताने, चार कलमांत, एकही खाडाखोड नाही. कलम एक: पश्चिमेचा भोंगा थेट अर्जदाराच्या खिडकीवर रोखलेला आहे. कलम दोन: निवेदिका पुकारा करण्याआधी हसते. कलम तीन: पत्ते नीट दिले जात नाहीत. कलम चार: सदर निवेदिकेने अर्जदाराच्या घरी समक्ष येऊन खुलासा करावा.

मी म्हटलं, "मावशी, रागावू नकोस, पण माणसाचं म्हणणं मुद्देसूद आहे."

मावशीने कागद हातात घेतला आणि पुष्कळ वेळ बघत राहिली. "अक्षर अजून तसंच आहे," म्हणाली.

न्यायालयातलं अक्षर तिने कुठे पाहिलं असेल, कोण जाणे.

माझं ठरलं आहे. मी 'ला कालांद्रिया'साठी संवादशैली पुस्तिका, म्हणजे काय आणि कसं बोलायचं याचे नियम, लिहिणार. तिसऱ्या वर्षाला एका काल्पनिक चपलांच्या कारखान्यासाठी लिहिली होती, तेव्हा वर्गात पहिली आले होते. आता कारखाना खरा आहे. मला झोप येईल असं वाटत नाही.

मंगळवार, ३ मार्च

आज नुसतं ऐकलं आणि लिहून घेतलं. सकाळचा पहिला पुकारा जसाच्या तसा:

(हसणं.) "ऐका गं बायांनो, तोयाकडं मासे आलेत. मेलेत असं वाटतच नाही, डोळ्यांत डोळे घालून बघतायत. पाद्रीबाबांची स्वयंपाकीण निघालीय टोपली घेऊन, मी छतावरून बघितलं, तिच्या आधी पोचा. आणि खेकड्या, तू ऐकत असशील तर बायकोला सुट्टे पैसे नेऊन दे, ती ओरडतेय."

अडतीस शब्द. पत्ता नाही. पूर्ण नाव नाही, मासेवाली नुसती तोया, तिचा नवरा नुसता खेकडा. एका तिऱ्हाईत बाईची बदनामी आणि एक खाजगी निरोप. एका पुकाऱ्यात इतके दोष माझ्या प्राध्यापकांनाही सापडले नसते.

गुरुवार, ५ मार्च

आज भोंगे पुसायला छतावर चढले. पश्चिमेचा भोंगा खरंच बाजाराकडे नसून सरळ निळ्या घराच्या खिडकीकडे वळलेला आहे. कलम एक खरं निघालं. मी पाना आणून तो बाजाराकडे फिरवला.

खाली येऊन मावशीला विचारलं. ती म्हणाली, "वारा गं. उत्तरेचा वारा ट्रक उलटवतो, भोंग्याचं काय घेऊन बसलीस."

रविवार, ८ मार्च

पुस्तिका तयार. अठरा पानं, मुखपृष्ठावर कालांद्रिया पक्ष्याचं चित्र. नियम एक: व्यक्तीचा उल्लेख कागदोपत्री असलेल्या नावानेच करावा. नियम दोन: पत्ता म्हणजे रस्ता आणि क्रमांक, झाड, प्राणी आणि जुन्या घटना म्हणजे पत्ता नव्हे. नियम चार: पुकारा पंचवीस शब्दांत. नियम सात: पुकाऱ्याआधी हसू नये. 'ताजा' हा शब्द कधी वापरावा, यावर तर अख्खं पान आहे.

जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. आईचा तोतोपो हातातच राहिला.

"चार वर्षं बोलायचं शिकायला पाठवलं," आई म्हणाली, "आणि ही आम्हाला गप्प करायला आली."

"आई, हे गप्प करणं नाही. ही शिस्त आहे."

"ओब्दुलिया, तू काही बोल गं."

मावशी बोटांवर काहीतरी मोजत होती. "बोलले असते," म्हणाली, "पण पंचवीसच्या वर जाईल."

मग मात्र तिने पुस्तिका उशाशी ठेवली. मला भरून आलं. घरच्यांनी आपल्या कामाला मान द्यावा, यापेक्षा जास्त काय हवं असतं माणसाला?

सोमवार, ९ मार्च

पहिला शिस्तबद्ध पुकारा: "सूचना. श्रीमती व्हिक्टोरिया वास्केस यांच्याकडे, बाजार, ओटा क्रमांक नऊ येथे, मासळी उपलब्ध आहे. धन्यवाद." अंगावर काटा आला. राजधानीच्या विमानतळावर असंच बोलतात म्हणे.

अकराच्या सुमारास तोयाकाकू दारात. अंगाला मासळीचा वास, हातात सुरी.

"नेरेइदा, कोण ही व्हिक्टोरिया वास्केस? कधी आली गावात?"

"काकू, तुम्हीच."

"मी तोया."

"कागदावर तुम्ही व्हिक्टोरिया वास्केस आहात. पंचायतीतून काढून आणलं मी."

काकू पायरीवर बसल्या. "अगं बाई. मी सकाळपासून ओटा सोडून तिला शोधत फिरतेय. म्हटलं, बघू तरी, कुणाची हिंमत झाली माझ्यासमोर मासे लावायची."

मावशी आतल्या खोलीत खूप खोकली. माइक बंद होता, हे नशीब. सुरुवातीला थोडा गोंधळ व्हायचाच. बदलाचे टप्पे म्हणून आम्हाला एक पूर्ण धडा होता.

गुरुवार, १२ मार्च

आज धाडस केलं. कलम चारप्रमाणे समक्ष खुलासा द्यायचा होता. मावशी म्हणाली, "तू जा, तूच शिकलेली." म्हणून पुस्तिका घेऊन मीच निळ्या घरी गेले.

इदाल्गो मार्गावर दारावर क्रमांकाची पाटी असलेलं ते एकमेव घर आहे. पितळी, घासूनपुसून लख्ख: १४. मन प्रसन्न झालं.

श्री. अर्नुल्फोंनी दार उघडलं. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना तेल. टेबलावर दोन कप मांडलेले. माझ्या मागे त्यांनी रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं आणि मग म्हणाले, "तुम्ही एकट्याच?"

"हो. मावशींच्या वतीने."

"या, बसा," ते म्हणाले, पण दार जरा वेळ उघडंच ठेवलं.

मी नियम एकेक करून समजावले. ते खाली मान घालून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "कर्णा नव्हता तेव्हाही तुमच्या मावशीचा आवाज नदीपलीकडे ऐकू यायचा. धुणं धुताना सगळ्यांना हाका मारायची. आधी हसायची, मग हाक. आम्ही पलीकडे ओळखायचो."

म्हणजे ही तक्रार पस्तीस वर्षं जुनी आहे. प्रकरण मला वाटलं होतं त्याहून गंभीर आहे.

पुस्तिका त्यांनी वाचायला ठेवून घेतली.

शनिवार, १४ मार्च

पुस्तिका परत आली, लाल शाईने तपासलेली. इतकं बारकाईने तर माझ्या मार्गदर्शकांनीही वाचलं नव्हतं. तीन ठिकाणी स्वल्पविराम सुधारलेत. नियम सातपुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलंय आणि खाली दोन रेघा. नियम पुरेसा ठाम वाटला नसणार. मी बदलला: 'निवेदिकेने कोणत्याही परिस्थितीत हसू नये.'

छतावर गेले होते. पश्चिमेचा भोंगा पुन्हा निळ्या घराकडे. पुन्हा फिरवला. आठवडाभरात पानही हललेलं नाही, तरी. इथला वारा खरंच विचित्र आहे.

मंगळवार, १७ मार्च

श्री. अर्नुल्फो आज स्वतः आमच्या दारापर्यंत आले होते. आत आले नाहीत. टोपी काढून मला विचारलं, "मावशीची तब्येत बरी आहे ना? आठवडाभर आवाज नेहमीसारखा वाटत नाही."

"उत्तम आहे. नियम लागू झालेत."

"असं, असं," ते म्हणाले आणि टोपी उलटी घालून गेले.

फरक त्यांना जाणवला. आठच दिवसांत. मी आईला सांगितलं की रविवारी आपण जिंकलो. आई म्हणाली, "गावात कुणी कुणाला सापडत नाहीये, तू कशाचं जिंकतेस?"

हे मात्र खरं आहे. काल एक वासरू मालकाच्या शेजारच्याच अंगणात दिवसभर बांधून होतं, कारण पुकाऱ्यात मालकाचं खरं नाव होतं. पुकारे सांगायला येणारी माणसंही कमी झालीत. मी वहीत लिहिते आहे म्हणून कबूल करते: आज मला पहिल्यांदा भीती वाटली. सभेने कर्णा ठेवला, आणि त्यावर सांगायला कुणी आलंच नाही, तर?

पण मध्येच पद्धत सोडली तर सभेला दाखवणार काय? सभेपर्यंत टिकून राहायचं.

गुरुवार, १९ मार्च

मोठं काम. खेकडाकाका, म्हणजे तोयाकाकूंचे यजमान, शनिवारी साठीचे होतात. होडीतून पडल्यापासून तिरके चालतात, म्हणून खेकडा. अख्ख्या गावाला आमंत्रण द्यायचंय. बायका रीतीप्रमाणे बियरची खोकी घेऊन येणार, वाजंत्री, दोन बैल कापणार.

काका म्हणाले, "लिही: खेकड्याच्या घरी, आंधळ्या बैलाच्या चिंचेखाली."

"काका, तो बैल मेला त्याला वीस वर्षं झाली."

"चिंच आहे ना अजून?"

मी विजेचं बिल मागितलं. एउस्ताकिओ रेगालादो, इदाल्गो मार्ग, क्रमांक १४. काका त्या नावाकडे असे बघत राहिले जणू कुणा पाहुण्याचं आहे.

मावशी या पुकाऱ्याबाबत माझ्याहून काटेकोर निघाली. "चौदाच आहे ना? बिलावर चौदा? नीट बघ." मी बघितलं. "मग पुस्तिकेप्रमाणेच बोलायचं," म्हणाली, "एक अक्षर इकडचं तिकडे नको." आणि माइक घेऊन क्रमांक तीन वेळा सांगितला. नियमात दोनदाच आहे, पण उत्साहाला मी बोल लावला नाही.

बिलावरचा चौदा जुना, पाटीवरचा चौदा नवा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पंचायतीने चार वर्षांपूर्वी घरांना नवे क्रमांक दिले, ते फक्त एकाच माणसाने दारावर लावले. हे मला आज ठाऊक नव्हतं. या ओळी मी रविवारी घुसडते आहे, प्रामाणिकपणासाठी.

शनिवार, २१ मार्च

जसं घडलं तसंच लिहिते.

दुपारी तीनला मावशी तयार झाली. काळ्या मखमलीचा, लाल-पिवळ्या फुलांनी भरलेला पोशाख, आजीची सोन्याची साखळी, केसांत खरी फुलं. म्हटलं, "मावशी, खेकडाकाकांकडेच जायचंय ना?" ती म्हणाली, "साठ वर्षं रोज होत नाहीत कुणाला."

इदाल्गो मार्गावर वळलो तर समोर गर्दी. दोनेकशे माणसं, सगळी निळ्या घरापुढे. बायकांच्या डोक्यावर खोकी, एकाच्या काखेत जिवंत टर्की, आणि वाजंत्री वाढदिवसाचं गाणं तिसऱ्यांदा वाजवतायत. पितळी पाटीवरचा १४ उन्हात चमकत होता.

दारात श्री. अर्नुल्फो. गंजीफ्रॉक, एका पायात चप्पल.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, एउस्ताकिओ," कुणीतरी म्हणालं आणि त्यांच्या गळ्यात हार पडला.

"मी एउस्ताकिओ नाही," ते म्हणाले.

"असू दे, आम्हालाही आत्ताच कळलं तुमचं नाव."

मला जमीन दुभंगावी असं झालं. मी मावशीचा दंड धरला. "मावशी, चूक झाली. चिंचेकडे वळवू या सगळ्यांना. उद्या सभा आहे. हा माणूस आपल्याला कच्चा खाईल."

"चूक कशी? चौदा नंबर आहे की," मावशी म्हणाली आणि गर्दीतून सरळ चालत दारापर्यंत गेली. लहानपणापासून ती खेकडाकाकांच्या घरी हजारदा जेवली आहे, तरी तीसुद्धा पाटी बघून चुकली. लिखित पत्त्याची ताकद ही अशी असते.

श्री. अर्नुल्फोंनी तिला पाहिलं. मग आपल्या गंजीफ्रॉककडे पाहिलं.

"ओब्दुलिया," ते म्हणाले, "समक्ष यायचं ते आज?"

"कलम चार," मावशी म्हणाली. "सदरा घालून ये, लोक खोळंबलेत."

आणि ती हसली. नियम सात साफ मोडून, सगळ्या रस्त्यात ऐकू जाईल असं. तो पुकारा नव्हता, म्हणून नियम लागू होत नसावा.

तेवढ्यात रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून खेकडाकाका तिरके धावत आले, मागे तोयाकाकू, हातात डाव.

"मेल्यांनो, मांस गार होतंय," काकू ओरडल्या. "वाढदिवस माझ्या नवऱ्याचा आणि हार या कारकुनाला?"

काका निळ्या अंगणाकडे बघत होते. सावली, फरशी, भरपूर जागा. "तोया," ते म्हणाले, "आपल्या अंगणापेक्षा मोठं आहे गं."

मग पातेली चालू लागली. खरंच सांगते, चार-चार माणसांनी धरलेली बैलाच्या रश्श्याची पातेली चिंचेखालून निळ्या घरी वाजतगाजत आली. आईने तोतोपोची टोपली श्री. अर्नुल्फोंच्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवली. त्यांनी आधी पाहुण्यांना ओळीने बसवायचा प्रयत्न केला, मग कुणीतरी त्यांच्या हातात बियर दिली. सहाला ते नाचत होते. त्यांना नाचता येत नाही. मावशीला फार छान येतं, त्यामुळे भागलं.

तोयाकाकू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "पोरी, तुझ्या पुस्तकाने पार्टी बरी केली हो." मी रडायच्या बेतात होते, ते हसण्यात गेलं, आणि मग दोन्ही थांबेना.

रविवार, २२ मार्च

सभा. मी पुस्तिकेच्या बारा प्रती घेऊन गेले होते.

सरपंचांनी विचारलं, अर्जदार हजर आहेत का. श्री. अर्नुल्फो उठले. चष्मा नव्हता, त्यामुळे कागद हातभर लांब धरला होता. त्यांनी नवीन अर्ज वाचला: नऊ मार्चपासून सदर कर्ण्यावरून हसू ऐकू आलेलं नाही. माणसांची नावं ऐकून माणसं ओळखू येत नाहीत. अर्जदाराला काल दुसऱ्याचा वाढदिवस साजरा करावा लागला आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नाही. सबब, पूर्वीची पद्धत पुन्हा सुरू व्हावी.

"आणि पश्चिमेचा भोंगा?" सरपंच म्हणाले. "कलम एक होतं तुमचं."

"तो पूर्वी होता तिथेच असावा. माझ्या खिडकीकडे. काही दिवस तो सारखा हलतोय, हे गैरसोयीचं आहे."

मला काही सुधरेना. कलम एक नेमकं उलट होतं. पण सगळे हात वर गेले आणि ठराव झाला. कर्णा राहिला. मावशी खाली बघून झग्यावरची फुलं सारखी करत होती.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलंच, "साहेब, पुस्तिकेत नेमकं काय चुकलं?"

"पुस्तिका उत्तम आहे," ते म्हणाले. "माझ्यासारख्या माणसासाठी लिहिलेली. असा मी एकटाच आहे गावात, आणि आता मीही नाही."

घरी येऊन सतरा पानं फाडली. एक ठेवलं, 'ताजा' या शब्दाचं. तोयाकाकूंना सांगितलं की ते मी सोडणार नाही. त्या म्हणाल्या, "बरं, कालचं असलं तर कालचं म्हणू." चार वर्षांच्या शिक्षणाचं एवढं तरी राहिलं. आणि का कोण जाणे, सतरा पानं फाडूनही मला हलकं आणि आनंदी वाटतंय.

सोमवार, २३ मार्च

सकाळचा पहिला पुकारा. (हसणं, लांबलचक.)

"ऐका गं ऐका. निळ्या घरातल्या चौदा नंबरवाल्याचा चष्मा परवा नाचताना हरवला. होय, तोच चौदा, जो तोयाच्या पायावर तीनदा नाचला. कुणाला सापडला तर त्याच्याकडे नेऊन द्या. नाहीतर मीच नेते."

म्हणजे त्यांना टोपणनाव मिळालं. आई म्हणते, दुपारपर्यंत बाजारात सगळे त्यांना चौदा म्हणत होते आणि ते प्रत्येक हाकेला टोपी काढत होते.

चष्मा मावशीच्या मखमली पोशाखाच्या खिशात होता. मला पोशाख वाळत घालताना सापडला. मी म्हटलं, "मावशी, हा इथेच आहे, मग पुकारा कशाला?"

"आधी पुकारा, मग सापडणं," ती म्हणाली. "तुझ्या पुस्तकात घाल हवं तर." आणि केसांत फूल खोचून चष्मा घेऊन निघाली.

ती गेल्यावर मी छतावर चढले. भोंगा पुन्हा निळ्या घराच्या खिडकीकडे वळला होता. बोल्टवर तेल पुसलेला मावशीचा हातरुमाल अडकला होता. मी तो काढून खिशात घातला, पाना घेतला आणि बोल्ट त्याच दिशेला पक्का आवळला. ठरावच तसा आहे. आता कितीही वारा आला तरी हलायचा नाही.